विषारी आक्सेलचं तळघर

सलून म्हणजे दारूचं. दाढी-कटिंगचं सलून टॅलो क्रीकमधून कधीच उठलं होतं; गावातले पुरुष आता एकतर बायकोकडून केस कापून घेत, नाहीतर वाढवत. दारूचं मात्र टिकून होतं. नॉर्थ स्टार त्याचं नाव. खाणींच्या चलतीच्या दिवसांत बांधलेलं, दोन मजली, विटांचं, वर गळकं छप्पर आणि खाली तळघरात भूत. मोंटानाच्या त्या डोंगरांत ज्या गावाला भूत नाही त्या गावाकडे उन्हाळ्यात कुणी गाडी वळवत नाही, म्हणून प्रत्येक गावाने आपापलं एकेक पाळलेलं होतं. टॅलो क्रीकने पाळला होता आक्सेल न्यूक्विस्ट. तो शंभर वर्षांपूर्वीचा या सलूनचा मालक. गाव त्याला विषारी आक्सेल म्हणायचं.

व्हर्ना हौगेन रोज संध्याकाळी तिथे जायची ती भुतासाठी नव्हे, आणि खरं तर दारूसाठीही नव्हे. तिला घरी बसवत नव्हतं. डिसेंबरात तिचा नवरा डेल गेला. रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा; छातीत कळ आली तेव्हा त्याने गाडी नीट कडेला घेतली, मागचे लाल दिवे लावले आणि मग गेला. सगळं आयुष्य रोज संध्याकाळी दारात बूट काढता काढता त्याने बायकोला एकच प्रश्न विचारला होता, "काय बातमी?" आणि व्हर्नाने ती सांगितली होती. ती शाळेची बस चालवायची, त्यामुळे बातमीला तोटा नव्हता. कोण कुणाला चावलं, कुणाच्या आईबापाचं फाटलं, कुणाच्या कुत्र्याने कुणाची कोंबडी पळवली. निवृत्त झाल्यावर बातम्या आटल्या, तरी तो विचारायचा आणि ती काहीबाही जुळवून सांगायची. आता दिवसभराचं सगळं पोटातच राहायचं आणि अंधार पडायच्या सुमाराला घशाशी यायचं. भिंतींशी बोलायची तिला लाज वाटायची.

त्यात डेल अजून मातीआडही झाला नव्हता. टेकडीवरच्या दफनभूमीचा रस्ता बर्फाखाली जातो तो मे महिन्यात वर येतो, आणि जमीन तर कुदळ परतवून लावते. हिवाळ्यात गेलेल्या माणसाला तासभर दूर ब्रॅक्स्टनला प्रुइटच्या शीतघरात ठेवायचं आणि वाट बघायची, ही तिथली रीतच. व्हर्ना तिकडे एकदाही फिरकली नव्हती. पेटीतल्या माणसाला थंडी वाजत नाही हे तिला कळत होतं, पण झोपताना दुसरी रजई अंगावर ओढायला तिचा हात धजत नसे.

नॉर्थ स्टार आता जोलीनकडे होतं. जोलीन म्हणजे डेलच्या धाकट्या भावाची मुलगी. घटस्फोटातून जे काही हाती लागलं ते तिने सगळ्यांचं न ऐकता या विटांत घातलं आणि तेव्हापासून तिच्या नाकी नऊ आले होते. उन्हाळ्यात चार पर्यटक, शिकारीच्या दिवसांत चार शिकारी, बाकी वर्षभर गस पेट्रोविच नावाचा म्हातारा खाणकामगार, जो एकाच बिअरवर संध्याकाळ काढायचा.

एका संध्याकाळी जोलीनने व्हर्नापुढे कॉफी ठेवली, तीत न सांगता थोडी व्हिस्की ओतली आणि ती स्वतःच समोर टेकली. तेव्हाच व्हर्नाने ओळखलं की हिचं काहीतरी काम आहे.

"काकू, टीव्हीवाले येतायत," जोलीन म्हणाली. "ते भुतांच्या मागे कॅमेरे घेऊन हिंडतात ना, ते. त्यांना आक्सेल पाहिजे."

"घेऊन जा म्हणावं," गस पलीकडून म्हणाला. "जाताना त्याची उधारी तेवढी चुकवा."

"गस, तू बिअर पी. काकू, त्यांची एक अट आहे. गावातल्या कुणीतरी जाणत्या माणसाने कॅमेऱ्यापुढे सांगायचं, की आक्सेलने खरोखर माणसं मारली. पुराव्यानिशी. आणि जाणतं माणूस म्हणजे तूच. संग्रहालय तुझं."

संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेतली एक खोली, दोन खोगिरं, कुणाचा तरी लग्नातला झगा आणि व्हर्ना. किल्ली तिच्याकडे होती कारण दुसरं कुणी ती घ्यायला तयार नव्हतं.

"आणि नाही आले तर?" व्हर्नाने विचारलं.

जोलीनने फडक्याने नसलेला डाग पुसला. "तर मग बघू," ती म्हणाली. तिने तोंड फिरवलं ते व्हर्नाला आवडलं नाही. नॉर्थ स्टार बंद पडलं तर या गावात हिवाळ्यात दिवा लागणारं एकही ठिकाण उरणार नव्हतं, आणि व्हर्नाला संध्याकाळी बसायला जागा उरणार नव्हती. ती पुरावा शोधायला तयार झाली त्यात जोलीनवर उपकार कमी आणि स्वतःची सोय जास्त होती.

गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. व्हर्नाने ती बसमधल्या पोरांना शेकडो वेळा सांगितली असेल, मागच्या सीटवरचा गोंधळ थांबवायला तिच्यासारखं औषध नव्हतं. १९१८ संपता संपता राज्यात दारूबंदी आली. आक्सेलने पुढचं दार बंद केलं आणि मागच्या दाराने लाकडाच्या स्पिरिटची विषारी दारू विकायला सुरुवात केली. मे महिन्यातल्या एका रात्री ती पिऊन नऊजण पटापट मेले. टेकडीवर त्यांचे नऊ लोखंडी क्रूस एका रांगेत आजही उभे आहेत, आणि प्रत्येकावर नाव वेगळं असलं तरी तारीख एकच आहे, ९ मे १९१९. रांगेतला शेवटचा क्रूस निम्म्या उंचीचा. तो म्हणे सर्कशीतल्या बुटक्याचा. बिचारा गावात एक रात्र मुक्कामाला होता. आक्सेल पळून गेला, पण त्याचा आवाज राहिला. तळघरातून एक पुरुष हळू आवाजात बोलत असल्याचं आजही ऐकू येतं. मेलेल्यांची माफी मागतो म्हणे.

नऊ क्रूस आणि एक तारीख, यापेक्षा वेगळा पुरावा तो काय हवा? पण टीव्हीवाल्यांना आणखी हवा होता, म्हणून व्हर्ना शोधायला लागली आणि पार दमून गेली. जिल्ह्याच्या कचेरीला एकदा आग लागली होती, त्यात नेमकी ती वर्षं गेली. गावाचं वर्तमानपत्र त्या हिवाळ्यात बंदच होतं, कारण छापणारा स्वतः साथीत मेला होता. ब्रॅक्स्टनच्या वाचनालयात ती यंत्रापुढे बसून दुसऱ्या गावांची पत्रं डोळे दुखेपर्यंत बघत राहिली. फ्लूची साथ, बंद शाळा, युद्धावरून परतलेले शिपाई, डुकरांचे भाव. नऊ माणसं एका रात्रीत विषाने मरतात आणि शेजारच्या गावाचं पत्र डुकरांचे भाव छापतं, याचं तिला जरा नवल वाटलं. पण दमलेल्या माणसाला नवलही फार वेळ पेलत नाही. तिने चष्मा पुसला आणि ती घरी आली.

मार्चमध्ये प्रुइटचा फोन आला. प्रुइट हा मेलेल्यांचं सगळं बघणारा माणूस. आवाज इतका मऊ ठेवायचा की समोरच्याला ओरडावंसं वाटे.

"मिसेस हौगेन, दफनाचं ठरवतोय. मे महिन्यातला दुसरा शनिवार चालेल? खणायचं यंत्र मी तुमच्या टेकडीवर एकदाच चढवतो. या हिवाळ्यातले टॅलो क्रीकचे चौघे आहेत. चौघांचंही त्याच दिवशी उरकून घेऊ."

"उरकून घ्या," व्हर्ना म्हणाली.

"आणि दगडावर तारीख कुठली घालू? काही घरांत अजून दफनाचीच घालतात. जुनी पद्धत आहे तुमच्याकडची."

व्हर्नाने फोन खाली ठेवला तो पलीकडचा माणूस बोलत असतानाच. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. चौघे, एक दिवस, एक तारीख. शंभर वर्षांनी एखादी बसवाली टेकडीवर चढली तर तिला काय दिसेल? चार दगड, एका रांगेत. ती म्हणेल, त्या रात्री या गावात काहीतरी भयंकर झालं होतं बाई.

१९१९च्या त्या मे महिन्यात कुणीही मेलं नव्हतं. मे महिन्यात जमीन सुटली होती. या गावात जन्मून, या गावातली माणसं हिवाळाभर ताटकळत ठेवलेली बघून, स्वतःचा नवरा तसाच ठेवलेला असून, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्याच काय, गावातल्या एकाच्याही आलं नव्हतं. तिला स्वतःचा इतका राग आला की तिने कॉफी तशीच मोरीत ओतली.

मग तो बुटका क्रूस तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि सर्कशीतल्या बुटक्यावर तिचा विश्वास उरला नाही. क्रूसावर नाव होतं इंपी राउटियो. राउटियो घराण्यातलं एकच माणूस आता हयात होतं, आल्मा, ब्रॅक्स्टनच्या वृद्धाश्रमात. बापाचं नाव तिने नवरा केल्यावरही सोडलं नव्हतं, अशी तिची ख्याती होती. व्हर्ना दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे गेली. जाताना वाटेत प्रुइटची पांढरी इमारत लागली. तिच्याकडे न बघता ती पुढे गेली.

आल्मा नव्वदीला टेकली होती. खिडकीशी बसून ती लाल जेली चमच्याने नुसती हलवत होती.

"तू बसवाली ना?" तिने बघताक्षणी विचारलं. "माझ्या नातवाला भर थंडीत खाली उतरवलं होतंस."

"त्याने सीटवर चाकूने आपलं नाव कोरलं होतं."

"मग बरं केलंस. बस. जेली खातेस? मी तर खात नाही."

व्हर्नाने आडून न विचारता सरळ विचारलं. आल्माचा चमचा थांबला.

"बुटका म्हणे! सर्कशीतला! मी लहानपणापासून ऐकतेय. ती माझी मावशी होती. आईची धाकटी बहीण. तीन वर्षांची. फ्लूने गेली, नवं वर्ष लागल्यावर."

"पण राउटियो तर तुमच्या वडलांचं..."

"राउटियो आईकडचंच. बाप माझा लग्न न करताच पसार झाला. तेही लिहून घे तुझ्या संग्रहालयात." आल्मा पहिल्यांदा हसली. "आजी त्या वेळी स्वतः तापाने फणफणलेली. पुरायचं कुठे? पाद्रीबुवा म्हणाले, चर्चच्या लाकूडखोलीत जागा नाही. होतीच ना लाकडं तिथे! बर्फघर गावात एकच, आक्सेलच्या तळघरात. तळ्यावरच्या लाद्या कापून भुशात रचून ठेवायचा तो. तो म्हणाला, आणा माझ्याकडे. वरचा धंदा सरकारने बंद केलाच आहे, खाली जागाच जागा आहे."

"म्हणजे नऊही जण तिथेच होते?"

"नऊही. घरचे खाली जायचे नाहीत, साथीची भीती. माझी आई तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. दूध घालून परत येताना ती तळघराच्या झरोक्यापाशी थांबायची. पोरांना तो आत येऊ द्यायचा नाही. झरोक्यातून विचारायचा, इंपीला काय सांगू? मग आई सांगायची. गाय व्यायली. बाहुलीचा हात शिवला. आई आज उठून बसली. हे ऐकून घेऊन तो खाली जाऊन इंपीला मोठ्याने सांगायचा. सगळ्यांनाच सांगायचा, ज्याला त्याला त्याच्या घरचं. रस्त्यावर ऐकू यायचं, आई म्हणायची. म्हणायचा, झोपलेल्या माणसाला एकटं वाटलं तर चालेल, पण त्याला विसरलंय असं वाटता कामा नये."

व्हर्नाने जेलीची वाटी उचलली आणि दोन चमचे खाल्ली.

"मग विष कुठून आलं?" तिने विचारलं.

"ते मागाहून आलं," आल्मा म्हणाली. "पुढच्या उन्हाळ्यात त्याचा बर्फ कुणी घेईना. दारू गेली होती, बर्फ तेवढाच राहिला होता त्याच्याकडे विकायला. पण त्या तळघरातला बर्फ दुधात कोण घालेल? माझी आजीसुद्धा घेईना, जिची पोर त्याने सांभाळली. आईने विचारलं का घेत नाही, तर आजीने तिच्या कानफटात मारली. असं वर्ष-दीड वर्ष चाललं आणि एक दिवस तो निघून गेला. कुठे गेला कुणी विचारलं नाही. आता एखाद्याला सगळ्या गावाने मिळून असं वागवायचं म्हणजे त्याने काहीतरी केलेलं असावं लागतं. मग हळूहळू निघालं विष."

"आणि तुम्ही कधी कुणाला बोलला नाहीत?"

"विचारलं कुणी? मला लोक एवढंच विचारतात, जेली पाहिजे का."

जोलीनला सांगायला व्हर्ना दुपारी गेली, गस यायच्या आधी. जोलीनने सगळं ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला, याची व्हर्नाला अपेक्षा नव्हती.

"अगं काकू, हे तर विषापेक्षा भारी आहे! बर्फात ठेवलेली नऊ प्रेतं, त्यांच्याशी बोलणारा मालक! माझ्या अंगावर काटा आला बघ." तिने लगेच टीव्हीवाल्यांना फोन लावला. बोलता बोलता तिचा आवाज खाली खाली येत गेला. शेवटी ती नुसतं हो हो म्हणत राहिली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, भला माणूस भूत कशाला होईल? त्यांना खुनी पाहिजे. गायी व्यायल्याच्या बातम्या देणारं भूत कोण बघेल म्हणे." जोलीन काउंटरला टेकली. "काकू, तू एवढंच म्हण ना, की लोक असं म्हणतात. लोक म्हणतातच की! यात खोटं काय?"

व्हर्नाने लगेच नाही म्हटलं नाही, हे सांगायला हवं. तिने त्या उंच स्टुलाकडे बघितलं, शेगडीकडे बघितलं, गसच्या नेहमीच्या जागेकडे बघितलं. लोक असं म्हणतात. तीन शब्द होते. ते उच्चारले की छप्पर दुरुस्त होणार होतं आणि तिच्या संध्याकाळी शाबूत राहणार होत्या. आक्सेलचं कुणी नव्हतं दुखवून घ्यायला. तिला फार थकल्यासारखं वाटलं. खरेपणा करायलाही अंगात जोर लागतो, आणि तिचा सगळा जोर डिसेंबरातच संपला होता.

"नाही जमणार गं," ती म्हणाली.

"का? मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"माझाही एक मेलेला आहे, जोलीन. शीतघरात आहे. मी त्याला तीन महिन्यांत एकदाही बघायला गेले नाही. आणि तो आक्सेल लोकांच्या मेलेल्यांशी रोज बोलत होता. त्याला मी खुनी म्हणू?"

"आणि जिवंत माणसांचं काय?" जोलीनचा आवाज चढला. "मी बुडतेय इथे. तू रोज येतेस, कॉफी पितेस, शेकत बसतेस. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं? एक वाक्य मागितलं!"

तिच्या तोंडून गेलं आणि तिला ते परत घ्यावंसं वाटलं असणार, पण घेतलं नाही. व्हर्नाने कोट घातला. बटणं लागेनात, ती तशीच उघड्या कोटाने बाहेर पडली.

त्यानंतर ती नॉर्थ स्टारला गेली नाही. संध्याकाळी ती घरातच दिवे लावून बसायची, टीव्हीवर हवामान बघायची, मग तेच हवामान खिडकीतून बघायची. आवारातला विहिरीचा पंप गोठला तेव्हा तिने तो एकटीने उकळतं पाणी ओतून सोडवला आणि सांगायला कुणी नाही म्हणून वैतागून रडली.

प्रुइटने सह्यांसाठी बोलावलं होतं. त्या सकाळी तिच्या दारात हॉर्न वाजला. जोलीन आपल्या जुन्या ट्रकमध्ये बसली होती, काच खाली करून.

"रस्ता निसरडा आहे," ती म्हणाली. "तुझी गाडी त्या उतारावर टिकणार नाही. बस."

व्हर्ना बसली.

प्रुइटच्या कचेरीत व्हर्नाने सह्या केल्या. दगडाचा नमुना पुढे करून त्याने मऊ आवाजात पुन्हा विचारलं, तारीख कुठली?

"दोन्ही घाला," व्हर्ना म्हणाली. "गेला ती आणि पुरला ती. नाहीतर पुढे कुणीतरी म्हणेल, मीच त्या चौघांना कॉफीतून काही घातलं."

प्रुइटने हे कसं घ्यावं ते न कळून मान डोलावली. जोलीन दाराशी उभी होती. तिने खाली बघितलं.

"आणि मला त्याला भेटायचंय," व्हर्ना म्हणाली.

शीतघर मागे होतं. पांढऱ्या भिंती, वर एक दिवा, भिंतीलगत चार पेट्या. प्रुइटने तिसरीकडे बोट केलं आणि तो बाहेर गेला. तिथे बसायला काही नव्हतं. व्हर्ना पेटीपाशी उभी राहिली आणि तिने झाकणावर हात ठेवला. लाकूड गार होतं. वाटेत तिने काय काय सांगायचं ठरवलं होतं, पण तोंड उघडलं तर फक्त "डेल" एवढंच आलं. तो विचारायचा तेव्हा सांगायची सवय होती तिला. कुणी न विचारता बातमी कशी सांगतात ते तिला येत नव्हतं.

जोलीन हात काखेत धरून मागे उभी होती. थोडा वेळ तिने बूट जमिनीवर आपटले. मग ती पुढे आली आणि पेटीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली.

"काका," ती म्हणाली. तिने खाकरून मोठ्याने म्हटलं, "डेलकाका, बातमी अशी आहे. टीव्हीवाल्यांना मी नको म्हणून कळवलं. आक्सेल भला माणूस निघाला, काकूने शोधून काढलं. क्रूसांच्या रांगेपाशी मी पाटी लावणार आहे, पत्र्याची का होईना. गस म्हणतो अक्षरं तो रंगवेल, म्हणजे चुकीचीच असतील."

व्हर्ना तिच्याकडे बघत होती, पण जोलीन तिच्याकडे बघत नव्हती. ती पेटीशी बोलत होती.

"आणि बार मी बंद करतेय. टीव्हीवाले आले असते तरी केला असता. ऑक्टोबरातच ठरलंय, बँकेशी बोलणंही झालंय. त्यांना बोलवत होते ते फक्त जाता जाता चार पैसे सुटावेत म्हणून. तुला मातीआड केल्यावर जेवण तिथेच ठेवणार आहे, मग कुलूप. काकूला सांगायला जीभ रेटत नव्हती. तिला बोलले ते फार वाईट बोलले. तू सांग तिला."

शीतघराचं यंत्र घरघरत राहिलं. व्हर्नाला वाटलं आपल्याला राग येईल, पण आला नाही. सगळा हिवाळाभर ती पोरगी समोर कॉफी ठेवत होती, त्यात व्हिस्की घालत होती आणि हे पोटात घेऊन उभी होती. तिलाही विचारणारं कुणी नव्हतं.

"ऐकलंस ना, डेल?" व्हर्ना म्हणाली. आता तिचा आवाज आपोआप निघाला. "बंद करतेय ती. आता संध्याकाळी मी कुठे बसायचं, ते तूच सांग."

"माझ्या स्वयंपाकघरात," जोलीन पेटीला म्हणाली. "काका, तिला सांग, कॉफी तीच आहे. आणि ते स्टूल मी कुणाला विकणार नाही."

व्हर्नाने पेटीवरचा हात पलीकडे नेला आणि जोलीनची बोटं धरली. ती तिच्या स्वतःच्या बोटांहूनही गार पडली होती.

प्रुइटने दार किलकिलं केलं. "मिसेस हौगेन, झालं असेल तर..."

"नाही झालं," व्हर्ना म्हणाली. "दार लावा. पंप गोठला होता ते अजून त्याला सांगायचंय."